दिवस आहे तोवर

शास्त्रपाठ : योहान ९:१-७



जन्मापासून आंधळा असलेला मनुष्य शिष्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्यांच्या मनात कळवळा उपजला नाही. उपजला तो प्रश्न. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून अद्याप गेलेला नाही. बाळाच्या हृदयात छिद्र आहे असे डॉक्टरांनी सांगताच कोणी गरोदरपणात लागलेले ग्रहण आठवते, कोणी घराण्याचा दोष शोधते, तर कोणी आईच्या विश्वासाविषयी कुजबुजते. जिने नऊ महिने ते बाळ उदरात वाढवले, तिलाच आरोपी ठरवले जाते.

वस्तुस्थिती काय आहे? गर्भाचे हृदय पहिल्या सुमारे आठ आठवड्यांत आकारास येते. पुष्कळदा आईला आपल्या गरोदरपणाची पुरती जाणीवही नसते. त्या काळात कप्प्यांमधला पडदा अपुरा राहतो, एखादी झडप अरुंद होते किंवा रक्तवाहिन्यांची जागा बदलते. दर १००० जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांत असा दोष आढळतो. जर्मन गोवर, आईचा अनियंत्रित मधुमेह, गुणसूत्रांतील बदल अशी काही कारणे ठाऊक आहेत. परंतु बहुतेक बालकांच्या बाबतीत निश्चित कारण सापडत नाही. ग्रहणाचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही.

प्रभूने उत्तर दिले ते आधी निर्दोषत्वाचे: या मनुष्याचेही पाप नाही, आईबापांचेही नाही. पुढील वाक्यापाशी मात्र भाषांतरकाराची लेखणी थबकते. देवाने आपली कार्ये दाखविण्यासाठी एका बालकाला आंधळे जन्मास घातले काय? प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. म्हणून काही अभ्यासक पूर्णविराम अलीकडे घेतात आणि देवाची कार्ये प्रकट होण्याचा संबंध आंधळेपणाशी न जोडता पुढील वचनातील कामाशी जोडतात. सर्वांना हे वाचन मान्य नाही. पण एक गोष्ट लक्षणीय आहे. उत्तम प्राचीन प्रतींत काम करण्याचे बंधन प्रभू एकट्यावर घेत नाही; तेथे अनेकवचन आहे. मराठीत येथे ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ यांतून निवड करावी लागते. मला ‘आपल्याला’ हाच शब्द योग्य वाटतो, कारण दोष शोधणाऱ्या शिष्यांनाच प्रभू आपल्या कामात ओढून घेतो.

आणि हे काम दिवस आहे तोवरच करावयाचे आहे. काही छिद्रे लहान असतात व आपोआप बुजतात. मोठ्या छिद्रातून मात्र फुप्फुसांकडे वाजवीपेक्षा अधिक रक्त जाते, तेथील दाब वाढतो आणि वाहिन्या हळूहळू कठीण होतात. एका मर्यादेनंतर छिद्र बुजवणेच जिवावर बेतते. जी शस्त्रक्रिया बालपणी शक्य होती ती मग कोणीही करू शकत नाही. ती रात्र होय. दूध ओढताना धाप लागणे, कपाळाला घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, ओठ निळसर पडणे, ही लक्षणे दिसताच प्रार्थना करावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जावे. प्रभूनेही माती कालवली, डोळ्यांना लावली आणि त्या मनुष्याला शिलोहाच्या तळ्याकडे पाठवले.

दिवसाचे हे काम ओळखणारे विश्वासी आपल्या देशात झाले आहेत. तेव्हाच्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९८२ साली ऑर्थोडॉक्स परंपरेतील ख्रिस्ती लोकांनी मद्रास मेडिकल मिशन स्थापन केले. १९८७ साली डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने तेथे हृदयरोग संस्था सुरू झाली. १९७५ साली पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात देशातील पहिली कॉरोनरी बायपास शस्त्रक्रिया करणारे हेच डॉक्टर. २०२५ साली ते प्रभूकडे गेले. त्या संस्थेत बालकांच्या जन्मजात हृदयदोषांवर उपचार होत आले आहेत.

आपण सारेच शल्यविशारद नाही. परंतु २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते, ही माहिती एखाद्या घरी पोहोचवणे आपल्याला जमेल. रक्तदान जमेल. परक्या शहरात, परक्या भाषेत, रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आईबापांना डबा आणि निवारा देणे जमेल. काही बाळे शस्त्रक्रियेनंतरही घरी परतत नाहीत. तेथे विश्वास कमी पडला काय, असे विचारू नये. रडणाऱ्यांबरोबर रडणे, हेच तेव्हा देवाचे कार्य असते.

त्या आंधळ्याच्या आईबापांना सभास्थानाचे भय वाटत होते, असे योहान पुढे लिहितो. आपल्या मंडळीत येताना कोणत्याही आजारी बाळाच्या आईला असे भय वाटू नये. पुढच्या रविवारी ती बाळाला कुशीत घेऊन दाराशी येईल, तेव्हा तिला काहीही न विचारता आपल्याशेजारी जागा करून द्या. दिवस अजून आहे.

प्रभू आपल्याला त्याच्या कामास योग्य करो. आमेन.