बोटीवरची एकादशी



एक कबुली द्यायची आहे आणि तिच्यातून निघालेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

२०२४ च्या आषाढी एकादशीला मी चंद्रभागेच्या वाळवंटात नव्हतो, आणि टेंभी नाक्यावरच्या माझ्या घरीही नव्हतो. त्या दिवशी, १७ जुलैला, मी कॅरिबियन समुद्रात एका प्रवासी बोटीवर होतो. १९९८ सालापासून माझी आळंदी ते पंढरपूर पायी वारी आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे माऊलींच्या पादुका एसटीने गेल्या आणि आपण बहुतेक सगळेच घरी बसलो. ती दोन वर्षे सोडली तर खंड नाही. चोवीस वाऱ्या झाल्या होत्या. पंचविसावी याच वर्षी होती. दिंडीत सत्काराचे बोलणेही झाले होते, आणि खरे सांगायचे तर मनातल्या मनात मी शाल-श्रीफळ घेऊन मोकळा झालो होतो.

मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. नातवंडांच्या शाळेला मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच. त्याने मायामीहून सुटणाऱ्या सात दिवसांच्या सफरीची तिकिटे काढली आणि मग फोन केला. मी चिडलो. “तारीख तरी बघायचीस,” म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, इतकी वर्षं आषाढीच्या आधीचे तीन आठवडे तुम्ही घरी नसता. आजीचं आजारपण, आमच्या शाळेची सुरुवात, पावसात गळणारं घर, सगळं आईने काढलं. ती कधी कुठे गेली नाही. हे तिकीट तिच्यासाठी आहे. तुम्हाला वारीला जायचं असेल तर ती एकटी येईल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हिला विचारले तर ही एवढेच म्हणाली, “मला बोटीतून समुद्र बघायचाय. तुमचं तुम्ही ठरवा.” मी जायचे ठरवले. दिंडीतल्या सोबत्यांना तोंड दाखवणे जड गेले. नाक्यावर चहा पिताना एक जण म्हणालाच, “काय बुवा, यंदा पंढरपूरऐवजी पनामा का?”

बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारे गाव. त्याच वर्षी जानेवारीत याच मायामीहून ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही त्या वेळची जगातली सर्वांत मोठी प्रवासी बोट सुरू झाली. वीस मजले, आणि साडेसात हजारांवर प्रवासी मावतात. आमची बोट तिच्यापुढे लहान, तरी तिच्यात हजारो माणसे होती. पोहण्याचे तलाव, नाटकगृह, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत भरलेली ताटे.

इथे मला एक सोपे कीर्तन करता आले असते. तिकडे भोग, इकडे भक्ती. तिकडे गाद्या-गिरद्या, इकडे ताडपत्रीवरची वळकटी. ते मी करणार नाही. आपला संप्रदाय प्रपंचात राहिलेल्या माणसांचा आहे. तुकोबांचे दुकान होते, सावतोबांचा मळा होता, गोरोबांचे चाक होते. समुद्र पाहण्यात आणि दोन घास सुखाने खाण्यात पाप आहे, असे मला कोणत्याही संताने शिकवलेले नाही. आणि पहिल्या रात्री खोलीत आलो तेव्हा पलंगावर चादर नीट अंथरलेली होती, टॉवेलची घडी घालून त्याचा हत्ती करून ठेवला होता. ही त्या हत्तीकडे बघत बसली आणि म्हणाली, “चाळीस वर्षांच्या संसारात माझं अंथरूण दुसऱ्या कोणी घातलं, ते आज.” ते ऐकल्यावर भोगाविरुद्ध बोलण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नाही.

माझी परीक्षा झाली ती वेगळ्याच जागी.

तिसऱ्या दिवशी मुलाने बिल दाखवले. त्यात बक्षिसीची रक्कम आपोआप धरलेली होती. माणशी रोज सोळा डॉलर. आम्ही सहा जण, सात दिवस. मी तिथेच हिशेब केला. सहाशे बहात्तर डॉलर, म्हणजे सुमारे छप्पन्न हजार रुपये. मुलाने समजावले की या बोटी सुटतात अमेरिकेतून, पण त्यांची नोंदणी बहुतेक वेळा बहामा किंवा पनामासारख्या देशांत असते. त्यामुळे अमेरिकेतले किमान वेतनाचे कायदे तिथल्या कामगारांना मिळत नाहीत. खोल्या आवरणारे आणि वाढपी यांच्या कमाईत या बक्षिसीचा वाटा मोठा असतो. काउंटरवर जाऊन सांगितले तर रक्कम काढूनही टाकता येते, हेही तो बोलून गेला.

मी लगेच म्हणालो, “मग काढून टाक. तिकिटाचे पैसे भरलेत ना? आपण कुठे त्यांना हत्ती करायला सांगितलं होतं?”

हिने माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली. अकरा वर्षांची नात शेजारी बसली होती. तिने विचारले, “आजोबा, वारीत तुम्हाला जेवण देतात त्यांना तुम्ही काय देता?”

“तिथे कोणी पैसे घेत नाही, बाळा. ती सेवा असते.”

“मग तुम्ही पण सेवा करता?”

“करतो ना. एका मुक्कामाची पंगत आपल्याकडून असते.”

“ती केवढ्याची?”

मी आकडा सांगितला नाही. तो छप्पन्न हजारांच्या जवळपासच होता. आणि ती पंगत देताना माझे नाव माईकवरून पुकारले जाते.

मंगळवारी बोट जमैकाच्या बंदराला लागली. गुलामगिरी बंद झाल्यावर तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला माणसे हवी होती. म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. पुढच्या सत्तरेक वर्षांत छत्तीस हजारांवर माणसे गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. साखर साऱ्या जगाने खाल्ली. ती पिकवणाऱ्याचे नाव कोणत्या पोत्यावर लिहिलेले नव्हते. मी धक्क्यावर उभा राहून हे सारे नातीला मोठ्या कळकळीने सांगत होतो. आदल्याच दिवशी मी काय बोललो होतो, ते मला त्या वेळी आठवले नाही.

त्या संध्याकाळी पंढरपुरात एकादशीची पहाट उगवत होती. विठुरायाची शासकीय महापूजा फोनवर दिसली. मुख्यमंत्री आमच्या ठाण्याचेच असल्याने नाक्यावरच्या मंडळींचे संदेशावर संदेश येत होते. मी खोलीत दार लावून टाळ नसताना हरिपाठ म्हटला. आवाज फुटत नव्हता. पंचविसावी वारी हुकल्याचे दुःख होते. त्यात विठोबा किती होता आणि शाल किती होती, हे तोच जाणे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, उपवास होता. सकाळी दारावर टकटक झाली. खोली आवरणारा मुलगा ताट घेऊन उभा होता. उकडलेले बटाटे, शेंगदाणे, दही, केळी. तो मराठीत म्हणाला, “आजोबा, आज आषाढी ना? साबुदाणा नाही मिळाला. स्वयंपाकघरात एक गोव्याचा आहे, त्याला सांगून बटाटे वेगळे उकडून घेतलेत.”

मी अवाक झालो. मुलगा वेंगुर्ल्याकडचा. वडील माळकरी. माझ्या गळ्यातली माळ त्याने पहिल्याच दिवशी ओळखली होती. आठ महिन्यांचा करार, रोज पंधरा-सोळा खोल्या, त्याही दिवसातून दोनदा, आणि रविवारचीही सुट्टी नाही. मी विचारले, “अरे, मग चार दिवस मराठीत का बोलला नाहीस?”

तो हसून म्हणाला, “तुम्ही बोललाच नाहीत, आजोबा.”

त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. नाव होते आणि खाली देशाचे नाव होते. चार दिवस मी ती वाचली नव्हती. त्याला मी ‘हॅलो’ म्हणत होतो आणि टॉवेल दाखवत होतो. त्याचे नाव मी इथे देत नाही, कारण त्याची नोकरी आहे.

माऊली, आता प्रश्न. हाच मुलगा मला लोणंदच्या मुक्कामी दिसला असता तर? मी वाकून त्याच्या पायाला हात लावला असता, त्याने माझ्या पायाला लावला असता. ‘माऊली’ म्हटल्याशिवाय मी त्याच्याकडे पाणीही मागितले नसते. मग तो शब्द मी कुठे ठेवून आलो होतो? की तो शब्द फक्त पालखी मार्गापुरताच आहे, दिवेघाट चढताना गळ्यात घालायचा आणि परतीच्या गाडीत बसताना काढून ठेवायचा?

मी मुलाला गाठले आणि बक्षिसी काढू नको म्हणून सांगितले. तो म्हणाला, “मी काढणारच नव्हतो.” इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण रात्री झोप येईना. तो मुलगा मराठी निघाला म्हणून माझे मन बदलले. त्याचे वडील माळकरी म्हणून बदलले. त्याने बटाटे आणले म्हणून बदलले. जेवणघरात आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. खाली कुठेतरी चादरी धुणारी माणसे होती, ती मला सात दिवसांत एकदाही दिसली नाहीत. त्यांच्यासाठी मी मुलाला थांबवले असते का? नसते. आपल्या माणसात देव पाहायला वारी कशाला हवी? तेवढे कोणालाही जमते.

वाचक माऊली, हा दोष बोटीचा आहे असे समजून मला सुटता आले असते. पण परतीच्या विमानात मी माझी वारी आठवू लागलो. आमच्या दिंडीच्या ट्रकबरोबर एक माणूस असतो. आम्ही पोचण्याआधी तो तंबू ठोकतो, आम्ही निघालो की उपटतो, भर पावसात चिखलात उभा राहतो. गेली कित्येक वर्षे तोच आहे. मी भिशी भरतो आणि त्याने ठोकलेल्या तंबूत झोपतो. त्याचे पूर्ण नाव मला माहीत नव्हते. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या गावात मागे राहिलेल्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या कोण उचलते, हे मी कधी मागे वळून पाहिले नाही. आणि इतकी वर्षे माझ्या मागे टेंभी नाक्यावरचे घर कोण सांभाळत होते, तेही मला मुलाने फोनवर सांगावे लागले. माझ्या चोवीस वाऱ्या हिच्या पाठीवरून चालत गेल्या होत्या.

बोटीवर सेवा पैशाने मिळते. पैसे टाकले की आभार संपले असे वाटते. वारीत सेवा फुकट मिळते. ती देवाच्या नावाने होते म्हणून तिथेही आभार संपले असे वाटते. दोन्हीकडे राबणारा माणूस नजरेआड होतो. वारीत होतो तेव्हा ते अधिक वाईट, कारण तिथे आपण सतत ‘माऊली’ म्हणत असतो.

मग वारी हुकली त्याचे काय? नेम मोडला, हे मी नाकारत नाही. हिला समुद्र दाखवला म्हणून तो मोडला नाही, असा पळवाटेचा अर्थही मी काढत नाही. त्याचे काय करायचे ते विठोबाच्या पायाशी. पण मला एवढे कळले की वाऱ्यांची संख्या हा आपला हिशेब आहे, त्याचा नव्हे. तीन आठवडे वाटेवर आपण प्रत्येकापुढे वाकतो ती साधना आहे. तिची परीक्षा उरलेल्या अकरा महिन्यांत असते, आणि मी ती बोटीवर एका टॉवेलच्या हत्तीपाशी नापास झालो. तुमच्या परीक्षेची जागा कोणती, ते तुम्हीच शोधा. ती बहुतेक घरातच असेल.

ऑगस्टमध्ये ठाण्याला परतलो. २७ तारखेला दहीहंडी होती. टेंभी नाक्याची हंडी तुम्हाला ठाऊक आहे. रात्री उशिरापर्यंत गर्दी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कौपिनेश्वराच्या दर्शनाला निघालो. रस्ताभर बाटल्या, कागद, तुडवलेल्या चपला. एक सफाई कामगार वाकून झाडत होते. पन्नाशीचे असतील. माझ्या इमारतीसमोरचा रस्ता तेच झाडतात, हे मला नुसते ओळखीचे होते. मी जवळ गेलो. जीभ अडखळली, कारण हा पालखी मार्ग नव्हता आणि आजूबाजूला टाळ वाजत नव्हते. तरी म्हणालो, “माऊली, चहा घेता का?”

त्यांनी आधी मागे वळून पाहिले. मी कोणाला हाक मारली, ते त्यांना कळले नव्हते.

रामकृष्ण हरी.