दोन रुपयांची अनामत

‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. अनोळखी पाहुणा दारात उभा राहिला की आपण तो विचारतो आणि त्याने नाव-गाव सांगितले की ‘या, बसा’ म्हणून मोकळे होतो. पण हाच प्रश्न सरकारने विचारला म्हणजे नुसत्या शब्दाने भागत नाही; कागद लागतो. मतदानकेंद्रावर मतदाराकडे ओळखपत्र मागणे न्याय्य आहे काय, या वादाचे मूळ शब्द आणि कागद यांच्यामधील या अंतरात आहे.

ओळखपत्राचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तोतयामुळे काय अनर्थ होतो हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेल्या तोतयाने पेशवाईला घोर लावला होता आणि १७७६ साली त्याच्या बंडाचा बीमोड करावा लागला. मतपेटीपुढचा तोतया इतका नाट्यमय नसतो. तो गुपचूप येतो, दुसऱ्याच्या नावावर मत देतो आणि निघून जातो. मागाहून खरा मतदार येतो तेव्हा ‘तुमचे मत होऊन गेले’ असे उत्तर त्याच्या पदरी पडते. अशा माणसासाठी कायद्यात ‘प्रदत्त मता’ची सोय आहे. विचारलेल्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास त्याला मतपत्रिका मिळते. मात्र ती वेगळ्या लिफाफ्यात पडते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र असलेल्या ओळखपत्रांचा हुकूम काढला, तो या चोरीला आळा घालण्यासाठीच.

परंतु चोरासाठी लावलेले कुलूप घरच्या माणसालाच बाहेर ठेवू लागले तर?

हा पेच आपल्या लोकशाहीला तिच्या पहिल्या निवडणुकीतच पडला. मतदारयाद्या तयार होत असता, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांची नावे १९५१-५२ च्या त्या निवडणुकीपूर्वी यादीतून गळाली. सेन यांचा हेतू वाईट नव्हता. नागरिक म्हणून उभ्या राहणाऱ्या स्त्रीला स्वतःचे नाव असले पाहिजे, ही भूमिका आज आपणा सर्वांस पटेल. एकदा ठेच लागली म्हणजे पुढच्या खेपेस हा संकोच सुटेल, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबरही असेल. पण त्याची किंमत कोणी भरली? बायकोचे नाव चारचौघांत येता कामा नये म्हणणाऱ्या पुरुषांनी नव्हे. त्यांचे मत शाबूत राहिले. रिवाज त्यांचा आणि दंड मात्र बायकांना.

‘ही उत्तरेकडची गोष्ट’ म्हणून आपण समाधान मानू नये. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून सुनेचे माहेरचे नाव बदलण्याची चाल अनेक घरांत आहे. त्या क्षणाचे कौतुक सारे करतात. पण पुढे शाळेचा दाखला एका नावाचा आणि शिधापत्रिका दुसऱ्या नावाची, हा घोळ तिलाच निस्तरावा लागतो. तिच्या नवऱ्याचे नाव बारशाच्या दिवसापासून जागचे हललेले नसते. एकच कागद दोघांकडे मागितला, तरी तो दोघांना सारखा महाग पडत नाही.

आता कोणी म्हणेल, तोतयाने टाकलेले एक मत आणि खऱ्या मतदाराचे बुडालेले एक मत, दोन्हीकडे नुकसान एकाच मताचे. अंकगणितात हे खरे आहे, नीतीत नाही. तोतया आत शिरला तर राज्य फसते. खरा मतदार परत गेला तर राज्य स्वतः अन्याय करते. फसणे आणि फसविणे यांना आपण घरातही एका तराजूत घालीत नाही. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, असे आपण न्यायालयाविषयी म्हणतो. मग मतदानकेंद्राच्या उंबरठ्यावर हा विवेक का सोडावा?

गंमत अशी की, १९६१ च्या निवडणूक नियमांत हा विवेक एका कलमात दडलेला आहे. एखादा मतदार तोतया आहे अशी शंका उमेदवाराच्या प्रतिनिधीला आली, तर त्याने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये अनामत ठेवून आक्षेप घ्यावयाचा. केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदाराला मत देऊ दिले जाते. आणि तो निव्वळ खोडसाळ ठरला तर दोन रुपये जप्त होतात. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. शंका ज्याची, अनामत त्याची!

सरसकट ओळखपत्र मागताना हे तत्त्व उलटते. ज्याच्यावर कोणीच संशय घेतलेला नाही त्यानेही आधी आपल्या खरेपणाची अनामत कागदाच्या रूपाने ठेवावयाची असते. कोणाची ती कपाटात तयार असते. कोणाला तिच्यासाठी मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात.

मग ओळखपत्र नकोच काय? असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गावात पाटील-कोतवाल सर्वांना तोंडाने ओळखीत, तो काळ गेला. चाळीतसुद्धा शेजारी शेजाऱ्याला ओळखीत असे. आजच्या उंच इमारतींत समोरच्या दारामागे कोण राहतो याचा पत्ता नसतो. तेथे कागदाने साक्ष द्यावी हे ओघानेच आले. प्रश्न कागदाचा नाही. कागद पैदा करण्याचे ओझे कोणी वाहावयाचे याचा आहे. शंका राज्याची असेल तर अनामतही राज्यानेच भरली पाहिजे.

आपल्या राज्ययंत्रणेला हे अशक्य नाही. मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये असा तिचा दंडक आहे. गुजरातेत गीरच्या अरण्यात बाणेज येथे एकट्या मतदारासाठी तिने केंद्र उभारले आहे. एका मतासाठी जे सरकार जंगल तुडवीत जाते, त्याला ओळखपत्र घेऊन झोपडीपर्यंत जाणे जड का वाटावे? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदाराचे ओळखपत्र नसल्यास आधार, बँकेचे छायाचित्रासह पासबुक, रोजगार हमीचे कार्ड अशी बारा पर्यायी कागदपत्रे चालत होती. ओळखपत्रातील लेखनाच्या किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावे, अशीही सूचना असते. हे शहाणपणाचे आहे. याउलट इंग्लंडात, जेथे नुसते नाव-पत्ता सांगून मत देण्याची जुनी रीत होती, तेथे मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे झाले आणि सुमारे १४ हजार मतदार केंद्रावरून मत न देता परतले. ज्यांच्याकडे चालणारा कागद नव्हता त्यांच्यासाठी मोफत दाखल्याची सोय होती; तरीही हे घडले. कागद फुकट असून भागत नाही. तो हातात पडावा लागतो.

मत देण्यापूर्वी डाव्या तर्जनीवर जी शाई लागते ती १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. ती कोणाचे नाव विचारीत नाही, मंत्री आणि मोळीविक्या यांच्या बोटांवर सारखीच उमटते, आणि दोघांनाही तिच्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागत नाही. तोतयाला दुसऱ्यांदा येऊ न देण्याचे काम ती निमूटपणे करते. ओळखपत्रही या शाईइतके सर्वांना सहज लाभेल, त्या दिवशी ते मागण्यात अन्याय उरणार नाही. तोवर ज्याच्या हाती कागद नाही त्याच्याविषयी शंका घेणाऱ्याने आधी आपले दोन रुपये टेबलावर ठेवावेत.