गोणी बांधायला शीक

उभा का? बस. आणि त्या टेपवाल्या ऑपरेटरवर खेकसणं आधी बंद कर, तो तुझा नोकर नाही. साडेतीन लाख फाइली, एकेक चिमूटभर, तशाच्या तशा टेपवर ओतल्यास आणि म्हणतोस, सकाळपर्यंत परत हव्यात!

टेप पाहिलीयस कधी? एलटीओ-९ च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात, पण फीत किलोमीटरहून लांब. रोबोट कार्ट्रिज कप्प्यातून काढणार, ड्राइव्हमध्ये बसवणार, मग फीत पळवत तुझ्या फाइलीपाशी न्यायची. मिनिटभर सहज जातं. कशासाठी, तर दहा ओळींसाठी! एकदा जागा सापडली की हीच टेप सेकंदाला ४०० मेगाबाइट वाचते, पण तिला सलग वाचू दिलंस तर ना. साडेतीन लाख मिनिटं म्हणजे किती दिवस? कर हिशेब. २४३. सिस्टिम फाइली फितीवरच्या क्रमाने लावून घेईल, इतका वेळ लागणार नाही, कबूल. पण ती तिची हुशारी, तुझी नव्हे.

तुझी आजी माळ्यावर तांदूळ दाणा दाणा टाकायची का? गोणीत भरून तोंड शिवायची. टार म्हणजे तेच, सगळ्या फाइलींची एक गोणी. आत काय आहे त्याची यादी बाहेर ठेवायची, चेकसम लिहून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम.

बरं, मूळ प्रत? स्क्रॅचवर होती. होती! ठरावीक दिवस हात न लावलेल्या फाइली तिथून पुसल्या जातात, हे खातं उघडताना वाचून सही केलीस ना? स्क्रॅच म्हणजे फळा. फळ्यावर कोणी सातबारा लिहून ठेवतं?

आणि पुसणं चुकूनही होतं. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी चढवली. व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली गेल्या. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. १४ गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांच्या फाइली बॅकअपमधूनही परत आणता आल्या नाहीत. त्या संशोधकांचा दोष नव्हता रे. तुझं तू स्वतःच्या हाताने घालवलंस. ‘सर, रेड होतं’ म्हणू नकोस. रेड मेलेल्या डिस्कपासून वाचवतं, पुसणाऱ्यापासून नाही.

जा, त्या ऑपरेटरची माफी माग. थांब. ‘फायनल_नवीन_२’ आणि ‘फायनल_खरं’, यातलं प्रबंधातल्या आलेखाला कुठलं वापरलंस?

आठवत नाही? मग बस परत.