नाग, उजेड आणि अंधार



शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. येथे जिवंत नाग धरून पूजण्याची जुनी प्रथा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली नाग धरण्यास मज्जाव केला. पण गावोगावची रीत पाहा. पंचमीला नाग देव. महिन्याने तोच घरात निघाला, की वैरी, आणा काठी! नाग मात्र दोन्ही दिवशी नागच असतो. भ्याला तर फणा काढतो, वाट मिळाली तर निघून जातो.

सगळे जग असे देव आणि वैरी यांत वाटून टाकणाऱ्या दृष्टीला 'मॅनिकियन' म्हणतात. हा शब्द मानी या धर्मसंस्थापकाच्या नावावरून आला. इ. स. २१६ मध्ये तो बॅबिलोनियात जन्मला. तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बुद्ध, झरथुष्ट्र व येशू यांना तो आपले पूर्वसूरी समजत असे. त्याची शिकवण अशी: प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे आहेत, त्यांची सरमिसळ म्हणजे हे जग. इराणच्या राजाने त्याला कैदेत टाकले, तेथेच त्याचा अंत झाला. पुढे चीनमध्ये त्याला 'प्रकाशाचा बुद्ध' म्हणू लागले.

पण नावात बुद्ध आला म्हणून विचार बुद्धाचा होत नाही. तथागतांनी अनादि अंधार सांगितला नाही. लोभ, द्वेष, मोह ही अकुशलाची मुळे. ती कारणाने उगवतात, कारण गेले की जातात. बोटांची माळ घालणारा अंगुलिमाल जन्माचाच अंधार असता, तर तो भिक्खू झाला असता काय?

अशीच एक वाटणी आपल्या वाडवडिलांनी सोसली. कोणी जन्माने पवित्र, कोणाचा जन्मानेच विटाळ! ती रेघ नाकारूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली व दिली. आता आपण नवी रेघ ओढू नये. ज्या भावाच्या देव्हाऱ्यात अजून देव आहेत, त्याच्या घरचे पाणी आपण टाळले, तर आपण सोडले ते काय? बावीस प्रतिज्ञा कसोशीने पाळा. अन्यायाशी झगडा. चुकीला चूक म्हणा. पण माणूस टाकू नका.

आज रात्री त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर प्रत्येकाने मनाला विचारावे: आज मी कोणाला कायमचा अंधार ठरवले?

जयभीम!