पडद्याआडचा बाप

लवासात दासवेच्या तळ्याकाठी, पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारतींसमोर, मामा-भाचीची चांगलीच जुंपली होती. मामा निवृत्त प्राध्यापक, नाटकवेडे. वैदेहीचा मुलगा पुण्यात होस्टेलवर. त्याच्या मित्राकडून ती गुपचूप बातम्या काढते, हे मामांना नुकतंच कळलेलं.

मामा : म्हणजे तू रेनाल्डो नेमलास.

वैदेही : कोण?

मामा : ‘हॅम्लेट’मधला नोकर. पोलोनियस त्याला पॅरिसला धाडतो, मुलावर नजर ठेवायला. वर शिकवतो, त्याच्याबद्दल थोड्या खोट्या कंड्या पिकव, म्हणजे लोक खरं ओकतील. बाप सांगतोय बरं का हे!

वैदेही : मी कंड्या नाही पिकवत. जेवतो का, कुणाबरोबर फिरतो, एवढंच विचारते. काळजीपोटी.

मामा : काळजी त्यालाही होतीच. मुलीला तर त्याने आमिष केलं. हातात प्रार्थनेचं पुस्तक देऊन तिला उभं केलं आणि आपण राजा क्लॉडियससोबत पडद्याआड लपला. हॅम्लेट विचारतो, तुझे वडील कुठेत? ओफेलिया म्हणते, घरी. खोटं बापासाठी, बोलणी मात्र तिने खाल्ली.

वैदेही : पण लपल्यामुळे कळलं ना काहीतरी?

मामा : क्लॉडियसला कळलं. हे प्रेमाचं वेड नाही, यात धोका आहे, हे त्याने अचूक ओळखलं. पोलोनियसने तेच ऐकलं, तरी प्रेमभंगाचं पालुपद सोडलं नाही. खुनी राजाने समोरचं ऐकलं, बापाने स्वतःच्या मनातलं.

वैदेही : हॅम्लेट तरी कुठे धुतल्या तांदळाचा? वेडाचं सोंग, नाटकातल्या नाटकाचा सापळा, शिवाय पत्र बदलून दोन मित्रांना मरायला पाठवलं.

मामा : बनावट पत्रांनी आगरकरांनाही पोळलं होतं. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय, असं ‘केसरी’-‘मराठा’ने छापलं, दिवाण बर्व्यांवर ठपका ठेवला. आधाराची पत्रं खोटी निघाली. 1882 मध्ये टिळक-आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात. पुढच्याच वर्षी आगरकरांचं ‘विकारविलसित’ आलं. म्हणजे ‘हॅम्लेट’च! गणपतराव जोशांनी पुढे ते गाजवलं.

वैदेही : आणि महाराजांचं काय झालं?

मामा : 25 डिसेंबर 1883. अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, त्यात गेले. विशीतला पोरगा.

वैदेही : म्हणजे पत्रं खोटी होती, काळजी खोटी नव्हती! मग जे तेव्हा गप्प बसले, ते शहाणे?

मामा : मुळीच नाही. पण आगरकरांनी जे वाटलं ते उघड छापलं, चुकल्यावर कोर्टात माफी मागितली, वर शिक्षाही भोगली. पोलोनियस शेवटपर्यंत पडद्यामागेच. हॅम्लेटची तलवारही तिथेच लागली.

वैदेही : उद्या माझ्या लेकाचं काही बरंवाईट झालं, तर हे सगळं घेऊन मी काय करू?

मामा : काही उपयोग नाही त्याचा. खरंच नाही.

वैदेही : मित्राला विचारणं बंद करते. विचारत होते, हेही लेकाला सांगते. पण मोबाइलवरचं लोकेशन चालू ठेव म्हणणार, तोंडावर.

मामा : नाही म्हणाला तर?

वैदेही : तर भांडेन. समोर बसून.