वीणा खाली ठेवत नाहीत

माउली, तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामी येते. त्याच पिंपरी-चिंचवडमधल्या दवाखान्यांत आपल्यातलेच वृद्ध माळकरी कधी स्मृतीची तपासणी द्यायला बसतात. पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगायचे, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची. गुण ३० पैकी. शब्द आठवला नाही की मान खाली जाते. मनात भीती एकच: उद्या नामही विसरलो तर?

तपासणीला लाजू नका. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा मनाची उदासी असू शकते. त्यांवर उपचार आहेत. शाळा कमी झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानेही गुण कमी पडतात.

आणि आजार खराच निघाला तर? तान्हे लेकरू आईचे नाव जाणत नाही, तरी आई त्याला उचलतेच. विठाई का उचलणार नाही?

आपले काम मात्र उरते. दिंडीत विणेकरी थकला तरी वीणा खाली ठेवत नाहीत, दुसरा गळ्यात घेतो. ज्याने जन्मभर हरिपाठ म्हटला, त्याच्याजवळ बसून आता आपण म्हणावा. त्याचे ओठ हलले तर आनंदच. न हलले तरी थांबू नये.

रामकृष्णहरि.