द्या काय द्यायचं ते

मिरजेतल्या एका तबलजीची ही गोष्ट. गाव त्यांना अण्णा म्हणे. हात गोड, ठेका घट्ट आणि गवयाच्या पुढं कधी धावायचं नाही ही शिस्त. त्यामुळं इचलकरंजीपासून पंढरपुरापर्यंत साथीचं बोलावणं यायचं. बोलावणाऱ्यानं जरा चाचरत विचारावं, "अण्णा, मानधनाचं कसं?" आणि अण्णांनी हात जोडून म्हणावं, "द्या काय द्यायचं ते. कलेचा काय भाव करायचा!"

ऐकणाऱ्याला हे फार थोर वाटे. अण्णांनाही वाटे. त्यांच्या पत्नीला, काकूंना, वाटत नसे, कारण किराणा दुकानदार शाल घेऊन साखर देत नाही. कपाटात शालींची थप्पी लागली होती आणि नारळाच्या वड्यांना घरातली पोरं कंटाळली होती.

गणपती ते दिवाळी घरात पैसा खेळायचा. थंडीत बैठकी असत. आषाढ लागला की फोन गप्प. शिकवण्या होत्या, पण मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेपुरती यायची. एप्रिल-मेचं सत्र उरकलं की निम्मी गळायची. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर कधीमधी वाजवायला मिळे. तिथं श्रेणीप्रमाणे रक्कम ठरलेली. त्या कागदावर सही करताना कलेचा अपमान होतो, असं अण्णांना कधी वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

पूर्वी नाटक कंपन्या होत्या. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी गंधर्व नाटक मंडळीत होता. वाजवणाऱ्यानं वाजवावं, हिशेब कंपनीनं बघावा. बोलपट आले आणि तो आश्रय गेला. आता तबलजी स्वतःच कंपनी, स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. यातलं नोकराचं काम तालमीत वर्षानुवर्षं घोटून घेतात. मालकाचं कोणी शिकवत नाही.

तर एका दिवाळीत सांगलीला पहाटेचा कार्यक्रम होता. पुढाऱ्याचा. मैदानभर फलक, फलकांवर गायिकेपेक्षा भाऊंचा फोटो मोठा. शेवटची भैरवी झाली आणि भाऊ मंचामागं हिशेबाला बसले. मंडपवाल्यानं बिल पुढं केलं, पैसे घेतले. खुर्च्यावाल्यानं नगावर घेतले. साउंडवाल्यानं निम्मे इसार म्हणून आधीच घेतले होते, उरलेले मोजून खिशात घातले. अण्णांना शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात अकराशे एक.

त्याच आठवड्यात काळी चारच्या तबल्याची शाई उडाली. अण्णा पुडी मढवायला चाचांच्या दुकानात गेले. चाचांनी तबला उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाराशे."

"चाचा, बाराशे? जरा कमी करा की."

चाचांनी वादी ओढता ओढता वर पाहिलं. "बरं, मी म्हणतो, द्या काय द्यायचं ते. काय द्याल?"

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आठशे."

"आणि चारशे का कापले?"

अण्णांना उत्तर सुचलं, ते बोलवेना. चारशे कापले ते चाचा काही बोलणार नाहीत, हे ठाऊक होतं म्हणून.

दुकानात अण्णांचाच एक जुना विद्यार्थी डग्गा घ्यायला येऊन बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, रागावणार नसाल तर एक सांगतो. दिवाळी पहाटेला भाऊंनी आधी मला विचारलं होतं. मी चार हजार सांगितले. ते म्हणाले, अण्णांसारखा माणूस तोंडानं काही मागत नाही, तू कोण लागून गेलास?"

अण्णा गोरेमोरे झाले. आपला हिशेब आपल्या संसारापुरता आहे, असं ते धरून चालले होते. झळ बसली तर काकूंना आणि पोरांना. आपल्या थोरपणाचं बिल दुसऱ्याच्या घरी जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तरी त्यांनी बाजू मांडली. "मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावानं सभा होते, तिथं मी दर वर्षी वाजवतो. तिथं मागायचे का पैसे?"

"तोबा!" चाचा म्हणाले. "अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दारात भलेभले हजेरी लावून जातात. ती सेवा. पण भाऊंच्या मैदानावर तुम्ही कुणाची सेवा करत होता?"

अण्णांनी बाराशे मोजले. घरी येऊन वहीत लिहिलं: गावात चार हजार, गावाबाहेर सहा, प्रवास वेगळा, निम्मा इसार. पहिला फोन आला तेव्हा घशाला कोरड पडली. आकडा सांगितल्यावर पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कळवतो." कळवलं नाही. असे बरेच जण कळवायचे राहिले. गल्लीतल्या भजनी मंडळाला मात्र अण्णांनी आपणहून सांगितलं, "तुमच्याकडून काही घेणार नाही, पाकीटही नाही आणि नारळही नाही." मंडळी आधी चपापली, मग खूश झाली.

तो आषाढ नेहमीपेक्षा वाईट गेला. काकूंचे भिशीचे दोन हप्ते चुकले. गोष्टीत माणूस शहाणा झाला की लगेच लक्ष्मी येते. मिरजेत तशी घाई तिला नव्हती. पण काकू पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

श्रावणात अण्णांनी मिरज-सांगलीच्या तबलजींना घरी चहाला बोलावलं. वही पुढं ठेवली. ज्येष्ठांनी हवं तेवढं जास्त घ्यावं, पण चार हजारांच्या खाली कोणी उतरायचं नाही आणि फुकट वाजवायचं तर ते आपल्या मर्जीनं, आधी सांगून, असं ठरलं. सांगलीतल्या एकानं महिन्याच्या आत ते मोडलं. बाकीच्यांनी शिव्या दिल्या, पण पाळलं. पेटीवाल्यांनीही मग आपला आकडा ठरवला.

पुढच्या दिवाळीला भाऊंनी अण्णांना फोन केला. आकडा ऐकून ठेवला. मग सांगलीतल्या दोघांना विचारलं, तोच आकडा ऐकला. जो मोडायला तयार होता तो पुण्याला गेला होता. शेवटी भाऊंनी अण्णांच्या त्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्यानं चार हजार सांगितले आणि निम्मे इसार घेतले. अण्णा त्या पहाटे घरीच होते.